लिंबखेड्याची चालू सभा

लिंबखेडा येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा दिनांक ५ ऑगस्ट रोजी सकाळी ठीक अकरा वाजता सुरू झाली. ती अद्याप सुरू आहे. आज २१ जानेवारी, म्हणजे सभेचा एकशे सत्तरावा दिवस. सदस्यांची उपस्थिती समाधानकारक असून चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात चालली आहे, असे मी रोज इतिवृत्तात लिहितो. मी या शाळेचा मुख्याध्यापक. त्यामुळे समितीचा सचिवही मीच आणि सभेचा चहा कपांत ओतणाराही मीच.

ज्यांना अशा समितीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शाळा गावाची असते, म्हणून ती गावाने चालवावी, अशी कायद्याची इच्छा आहे. त्यासाठी पालकांमधून सदस्य निवडतात. त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. सदस्यांना मानधन नसते, अधिकार मात्र पुष्कळ असतात. ते एका पुस्तिकेत छापलेले आहेत आणि ती पुस्तिका सुरक्षित राहावी म्हणून मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. सदस्यांनी महिन्यातून एकदा यावे, कारभार तपासावा आणि सही करावी. तपासण्यात त्यांचा वेळ जाऊ नये म्हणून मी सभेचे इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून ठेवतो. अकराला सभा, सव्वा अकराला सह्या, साडेअकराला सदस्य शेतात.

या पद्धतीने सहा वर्षांत एकाही विषयावर मतभेद झाला नव्हता. मुख्याध्यापक शाळेच्या गावीच मुक्कामी राहतात, हा ठरावसुद्धा सर्वानुमते झालेला आहे. तो झाला तेव्हा मी जालन्याहून, मस्तगडच्या माझ्या घरून निघून बदनापूरजवळ मोटारसायकलचे पंक्चर काढत बसलो होतो. ठरावाचे त्यामुळे काही अडले नाही.

५ ऑगस्टच्या विषयपत्रिकेवर चार विषय होते. पहिले तीन वाचण्याआधीच मंजूर झाले. चौथा विषय होता, 'इयत्ता पहिली ते चौथीची वर्गखोली सुस्थितीत असल्याबाबत.' शाळेला दोन खोल्या आहेत. एकीत कार्यालय, तांदळाची पोती आणि बंद पडलेले तीन संगणक राहतात. दुसरीत तेवीस मुले बसतात. ही दुसरी खोली निजामाच्या काळातली आहे. दगडी भिंती, वर लोखंडी गर्डर, त्यावर शहाबादी फरश्या आणि त्यांना धरून ठेवणारा चुना. चुन्याने हे काम पाऊणशे वर्षे इमानेइतबारे केले असून आता त्याला सेवानिवृत्त व्हावेसे वाटते आहे.

खोली सुस्थितीत असल्याचा समितीचा ठराव त्याच दिवशी चार वाजेपर्यंत पोर्टलवर चढवायचा होता. तो चढला की आमचा तालुका शंभर टक्के सुरक्षित होणार होता. तालुक्याचे नाव मी सांगत नाही, कारण तो अजून सुरक्षित व्हायचा आहे. फक्त लिंबखेडा बाकी होते आणि तालुक्याच्या साहेबांचा सकाळपासून तीनदा फोन आला होता.

मी वाचले, "खोली सुस्थितीत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर." आणि पेन अध्यक्षांकडे सरकवले.

"न्हाई," बेबीनंदाबाई म्हणाल्या.

बेबीनंदाबाई म्हणजे तिसरीतल्या पायलच्या आई. बुद्धविहाराशेजारी राहतात, शेतमजुरी करतात. पावणेदोन वर्षांपासून सदस्य आहेत. एवढ्या काळात सभेत त्या 'जय भीम, सर' आणि 'सही कुठं करू' या दोन वाक्यांपलीकडे कधी गेल्या नव्हत्या.

"काय न्हाई?" अध्यक्ष रामप्रसादरावांनी विचारले.

"खोली बराबर न्हाई. सोमवारी वरून ढेकूळ पडलं. पायलच्या ताटात. खिचडी खाऊन राह्यली होती लेक." त्यांनी पदराची गाठ सोडली आणि लिंबाएवढे चुन्याचे ढेकूळ माझ्या इतिवृत्तावर ठेवले.

"पोरीला लागलं का?"

"न्हाई. ताटात पडलं म्हनते ना."

"मंग झालं की. करून टाका सही, जल्दी सुटू."

"पुढच्या बारीला डोक्यात पडंल," बेबीनंदाबाई म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

रामप्रसादराव हे आदर्श अध्यक्ष आहेत. अध्यक्षाचे मूल शाळेत असावे लागते, म्हणून त्यांच्या हरिओमचे नाव आमच्या पटावर आहे. हरिओम स्वतः पिवळ्या गाडीने इंग्रजी शाळेत जातो. नाव आमच्याकडे शिकते आहे, मुलगा तिकडे. दोघांचीही प्रगती चांगली आहे. त्यामुळे रामप्रसादरावांना आमच्या छताची भीती वाटण्याचे काही कारण नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते, कारण माझी खुर्ची कार्यालयात असते.

आता अडचण अशी झाली की इतिवृत्त शाईने लिहिलेले होते. त्यात खाडाखोड करायची तर खाडाखोडीला मान्यता देणारा ठराव लागतो, आणि तो सर्वानुमते लागतो. मी पोर्टल उघडले. 'ठरावाचा निकाल' या रकान्यात दोन पर्याय होते : 'सर्वानुमते' आणि 'एकमताने'. मी मदतकेंद्राला फोन लावला.

"एक सदस्य नाही म्हणताहेत," मी सांगितले. "ते कुठे भरायचं?"

"नाही म्हणजे नेमकं काय, सर?" तिकडच्या मुलीने विचारले.

"म्हणजे त्यांना ठराव मान्य नाही."

"असं अजून कुठल्याच शाळेतून आलेलं नाही, सर. तुम्ही पान रिफ्रेश करून बघा."

मी पान रिफ्रेश केले. बेबीनंदाबाई तशाच बसून होत्या. निकालाचा रकाना भरल्याशिवाय 'सभा समाप्त' हे बटण उजळत नाही, आणि सुरू झालेली सभा समाप्त झाली नाही तर ती चालू असते. चार वाजले, पाच वाजले. पोर्टलवर सभेचे घड्याळ पळत होते. तालुका नव्याण्णव टक्क्यांवर थांबला आणि साहेबांनी फोनवर मला माझ्या निवृत्तीला किती वर्षे राहिली हे विचारले.

चालू सभेतून सदस्यांना उठता येत नाही, पण पाणी पिण्यास मनाई नाही. संध्याकाळी मी इतिवृत्तात लिहिले, 'सर्व सदस्य पाणी पिण्यास बाहेर गेले,' आणि सगळे आपापल्या घरी जाऊन जेवले. हीच प्रथा पुढे रूढ झाली. सोयाबीन काढणीच्या वेळी रामप्रसादराव पाणी पिण्यास गेले ते एकोणीस दिवसांनी परत आले. एका सदस्येने पाणी पिण्याच्या काळात बाळंतपण उरकले. मुलगा झाला. सभेने त्याचे अभिनंदन केले, ते मात्र एकमताने.

दैवशालाबाईंचे तर वेगळेच झाले. त्या सदस्य असून आजवर त्यांचे यजमान धर्मराज सभेला येत आणि 'दैवशाला' अशी वळणदार सही करत. पण रोजच सभा म्हटल्यावर धर्मराजांना परवडेना. त्यांनी चौथ्या दिवशी खुद्द दैवशालाबाईंनाच पाठवले. बाईंनी आधी सगळी खोली पाहिली, मग मला म्हणाल्या, "सर, कपाटात आमचं पुस्तक हाय म्हनं. दावा की." मी किल्ली सापडत नसल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "बसते मी. सापडंल."

सभा मुलांच्याच खोलीत चालू असल्यामुळे मुलांना खोलीत बसवता येईना. पहिले दोन दिवस ती लिंबाखाली बसली. तिसऱ्या दिवशी पाऊस आला तेव्हा बेबीनंदाबाईंनी विहाराच्या सभागृहाची किल्ली आणली आणि तेवीस मुले, एक फळा व खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाईंची पातेली तिकडे गेली. तिथे फरशी गुळगुळीत आहे, पंखे आहेत आणि छत छतासारखे वागते. मुलांची हजेरी वाढली. मी याची नोंद 'तात्पुरती गैरसोय' अशी केली.

सभेच्या अकराव्या दिवशी केंद्रप्रमुख आले. दहा-बारा शाळा त्यांच्या देखरेखीखाली असतात आणि मराठी व्याकरण हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यांनी इतिवृत्त वाचले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई नेमकं काय म्हणाल्या?"

"न्हाई."

"हा शब्द प्रमाण मराठीत आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"बघा. तुम्ही म्हणालात तो आहे, त्या म्हणाल्या तो नाही. शासकीय कामकाजाची भाषा प्रमाण मराठी आहे. म्हणजे बाईंनी एक अर्थहीन ध्वनी काढला. ध्वनी म्हणजे विरोध नव्हे. लिहा, सर्वानुमते."

मला हे इतके पटले की मी पेनाचे टोपण काढले. त्या वेळी पायल आईचा डबा घेऊन दारात आली होती. तिने सगळे ऐकले. त्या आठवड्यात मी वर्गात शुद्धलेखनच शिकवत होतो, ही माझी चूक.

"आई," ती म्हणाली, "न ला काना दे. मंग ह ला दुसरी वेलांटी. 'न्ह' न्हाई म्हनायचं."

"ना-ही," बेबीनंदाबाई म्हणाल्या. मग सगळ्यांकडे बघून एकदा नीट म्हणाल्या, "नाही."

"उच्चार उत्तम," केंद्रप्रमुख सवयीने म्हणून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आले. त्यांनी चहाही घेतला नाही. त्यांच्या भेटीच्या शेऱ्यात मात्र 'शाळेमुळे मातांचे शुद्धलेखन सुधारले' अशी नोंद झाली आणि आमची श्रेणी ब वरून अ झाली.

पुढची जबाबदारी साहेबांनी स्वतःकडे घेतली. 'सहमती सक्षमीकरण' नावाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण मंजूर झाले. तज्ज्ञ मार्गदर्शक फुगे, प्रोजेक्टर आणि एक ढोलकी घेऊन आले. आम्ही वर्तुळात उभे राहून टाळ्या वाजवल्या, फुगे फुगवले आणि 'हो' या शब्दाचे सात आवाज शिकलो. रामप्रसादरावांचा 'हो' इतका घुमला की छतातून थोडी माती पडली. ती प्रशिक्षणाचा भाग नाही असे मार्गदर्शकांनी स्पष्ट केले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बेबीनंदाबाईंना समोर बसवले.

"तुमचं नाव बेबीनंदा?"

"हो."

"तुम्ही पायलच्या आई?"

"हो."

"शाळा आवडते?"

"हो."

असे सतरा प्रश्न झाले. सतराही वेळा बाई न थांबता हो म्हणाल्या. मार्गदर्शकांनी आवाज मऊ केला.

"मग खोली सुस्थितीत आहे?"

"नाही."

मार्गदर्शकांनी अहवालात लिहिले की प्रशिक्षणार्थी चौऱ्याण्णव टक्के सहमत आहे. पोर्टलला टक्के चालत नाहीत. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, छत खरेच पडेल का. मी म्हणालो, ते समितीपुढे प्रलंबित आहे.

मग बाईंना समितीतून काढण्याचा विचार झाला. सदस्याला काढायचे तर सर्वानुमते ठराव हवा, आणि त्यात त्या स्वतः मोजल्या जातात. तेव्हा रामप्रसादरावांना मार्ग सुचला. मूल शाळेत नसेल तर पालक सदस्य राहत नाही. त्यांनी इंग्रजी शाळेत शब्द टाकला. पायलला प्रवेश फुकट, बूट-मोजे फुकट, पिवळी गाडी विहाराच्या दारापर्यंत येणार. माणूस वाईट नाही. त्यांना खरोखर वाटत होते की आपण लेकरावर उपकार करतो आहोत.

बेबीनंदाबाईंनी सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले. रोज कापूस वेचून आल्यावर पायलला इंग्रजी वाचायला लावणारी बाई ती. तिच्या डोळ्यांपुढून गाडी, बूट, मोजे सगळे जाताना मला दिसत होते. तिने हो म्हणावे असे मला वाटले, आणि म्हणू नये असेही वाटले. दोन्ही एकदम वाटण्याची मला सवय नाही.

"पायल गेल्यावर छत नीट व्हनार का, अध्यक्ष?" त्यांनी विचारले.

"छताचं काय मधीच काढता? पोरीचं बगा."

"तिचंच बघून राह्यले. बाकीचे बावीस लेकरं तिच्यासंगं बसतेत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, एक सांगा. सभा चालू हाय तवर लेकरं त्या खोलीत बसत न्हाईत ना?"

"नाही."

"मंग चालू द्या."

मला त्या क्षणी लाज वाटली. ही गोष्ट मला पाऊणशे दिवसांत सुचली नव्हती, आणि मी तर डी.एड. आहे. लाज वाटल्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला जागा नाही, म्हणून मी 'चर्चा पुढे चालू राहिली' असे लिहिले. कपाटाची किल्ली त्याच दिवशी सापडली. दैवशालाबाईंनी पुस्तिका तिथेच बसून वाचायला घेतली.

डिसेंबरमध्ये वरच्या कार्यालयाने राज्यभरच्या सभांची आकडेवारी काढली. सरासरी सभा नऊ मिनिटांची होती. लिंबखेड्याची दोन हजार नऊशे तासांची. कोणी तरी यादी वरून खाली लावली आणि आम्ही लोकसहभागात प्रथम आलो. अभिनंदनाचे पत्र आले. पाठोपाठ अभ्यासदौरे आले. अंबडकडचे आले, परतूरकडचे आले, एक बस तर शेजारच्या जिल्ह्यातून आली. सगळ्यांना लोकसहभाग बघायचा होता. तो म्हणजे बेबीनंदाबाई. मी पाहुण्यांसमोर विषय क्रमांक चार वाचायचो, बाई 'नाही' म्हणायच्या, पाहुणे वहीत लिहून घ्यायचे. ज्यांचा फोटो हलला त्यांच्यासाठी बाई पुन्हा म्हणायच्या. एका अधिकाऱ्यांनी सुचवले की 'नाही' म्हणताना थोडे हसले तर पोस्टर चांगले होईल.

"कापूस वेचायला जायचं हाय, सर," बाई शेवटी वैतागून म्हणाल्या. "एकदाच म्हनते मोबाइलमधी. तुमी वाजवत जा."

आम्ही तसे केले. त्यानंतर पंधरा दिवस अभ्यासदौऱ्यांना रेकॉर्डिंग ऐकवण्यात आले आणि कोणाची तक्रार आली नाही. मात्र दौऱ्यातल्या काही बाया परत जाताना आपसांत कुजबुजत होत्या. पुढच्या महिन्यात तीन गावांतून मदतकेंद्राला फोन गेले, की आमच्याकडे एक सदस्य नाही म्हणते आहे, कुठे भरायचे. त्या मुलीने सगळ्यांना पान रिफ्रेश करायला सांगितले.

२ जानेवारीला सकाळी साडेनऊच्या सुमारास खोलीचे अर्धे छत पडले. उत्तरेकडचे. विहारात प्रार्थना चालू होती. आवाज आला तशी बेबीनंदाबाई शेजारच्या घरातून धावत बाहेर पडल्या, विहाराच्या दारात उभ्या राहिल्या आणि बोटाने मुले मोजू लागल्या. तेवीस भरली. हरिओमचे नाव सोडून पट पूर्ण होता. मग त्या पायरीवर बसल्या आणि त्यांना रडू आले. मलाही आले. सभा त्या वेळी पाणी पिण्यास गेलेली होती, त्यामुळे तिलाही काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, वर पाहिले आणि त्यांना बरे वाटल्याचे दिसले.

"म्हणजे धोका गेला," ते म्हणाले.

"कसा काय, साहेब?" मी विचारले.

"जे पडण्यासारखं होतं ते पडलं. जे राहिलं ते पक्कं आहे म्हणूनच राहिलं. हे साधं तर्कशास्त्र आहे. उलट आता खोलीत उजेडही चांगला येतो. मुलांना दक्षिणेकडे बसवा. बाईंना आता हो म्हणायला काय हरकत आहे?"

दक्षिणेकडे पायलची जागा आहे. तिसरी रांग, खिडकीपासून दुसरी. वर एक गर्डर भिंतीतून वीतभर सुटलेला आहे.

बेबीनंदाबाईंनी साहेबांसाठी सतरंजी झटकली आणि त्या जागेवर अंथरली. "बसा साहेब. च्या सांगते. हितंच बोलू."

"मला पुढं फिरती आहे," साहेब म्हणाले.

"दहा मिंटं बसा."

"नाही," साहेब म्हणाले. एकशे बावन्न दिवसांच्या सभेत नकार म्हणून हा शब्द उच्चारणारे ते दुसरे. उच्चार उत्तम होता.

दैवशालाबाईंनी पुस्तिका उघडली आणि पान दाखवले, की खोली धोकादायक असल्याचे समिती कळवू शकते. साहेबांनी ते पान लक्ष देऊन वाचले आणि विचारले, ही पुस्तिका बाहेर कोणी काढली. सभा अर्थात चालूच राहिली. पण तालुका अजूनही नव्याण्णव टक्क्यांवर होता आणि वर्षअखेर जवळ येत होती. एवढ्या मोठ्या व्यवस्थेला एका 'नाही'पाशी कायमचे थांबून चालत नाही.

परवा नवीन परिपत्रक आले. त्याचे नाव 'नागरी अनुमोदन'. एखाद्या सदस्याच्या हटवादीपणामुळे ठराव अडला असेल तर सचिवाने सगळी हकिकत सोप्या, शक्यतो रंजक भाषेत लिहून प्रसिद्ध करावी. ती सुशिक्षित नागरिकांनी वाचावी. वाचताना कोणी हरकत घेतली तर ठराव रद्द होईल. हरकत न घेता जो शेवटपर्यंत वाचेल तो ठरावाचा अनुमोदक धरला जाईल, आणि असा एक अनुमोदक मिळाला की सदस्याचा विरोध आपोआप निकालात निघेल. सोबत पोर्टलवर तिसरा पर्याय आला आहे : 'वाचकांच्या अनुमोदनाने'.

मी बेबीनंदाबाईंना हे समजावून सांगितले. त्या कापसाची गाठोडी बांधत होत्या.

"म्हंजे वाचनाऱ्यांपैकी कोन्ही तरी न्हाई म्हनलं की झालं?"

"झालं. एकानं म्हटलं तरी पुरे."

"कसे लोक हायेत ते?"

"चांगले आहेत. शिकलेले आहेत. पुस्तकं वाचतात. लेकरांचं कळतं त्यांना."

"वाचून काय करतेत?"

"हसतात," मी म्हणालो. "ही हकिकत वाचूनसुद्धा हसतील. मग त्यांना वाईट वाटेल."

"आन मंग?"

मी परिपत्रकाची घडी घातली. बाईंनी गाठ आवळली.

तर ती हकिकत हीच. आपण ती वाचलीत, याबद्दल समिती आपली आभारी आहे. हरकत घेण्याची मुदत हे वाक्य सुरू होईपर्यंत होती, आणि मघापासून मी कान देऊन आहे, आपल्याकडून काही ऐकू आलेले नाही. 'सभा समाप्त' हे बटण उजळले आहे. सोमवारपासून मुले खोलीत बसतील, पायल तिच्या जागेवर. अनुमोदकाच्या रकान्यात मी आपले नाव लिहितो आहे. आडनाव आधी लिहू की नंतर, तेवढे कळवावे.